आयोवाची सर्वसाधारण सभा

मत ही वस्तू सेव्हिंग्ज खात्यातल्या शिलकीसारखी असते. ती आपल्याला ठाऊक असावी, शेजाऱ्याला कळता कामा नये. आम्ही मध्यमवर्गीय माणसं शाई लावलेलं बोट गावभर मिरवतो, पण बटण कुठलं दाबलं ते सख्ख्या बायकोला सांगत नाही. अशा माणसाने अमेरिकेतल्या आयोवा राज्याची हकीकत ऐकली तर त्याला भर थंडीत घाम फुटेल.

आयोवा म्हणजे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. वस्ती सुमारे ३२ लाख. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे बहुतेक राज्यांत मतपेटीवर ठरतं. आयोवात त्यासाठी 'कॉकस' भरतो. कॉकस म्हणजे काय, तर हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा. फरक एवढाच की आपली सभा कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच पाच माणसांत पुन्हा भरते. तिथे मात्र संध्याकाळी सातच्या ठोक्याला रांगेत असतील तेवढेच मोजायचे. अशा सभा एकाच रात्री सुमारे सतराशे ठिकाणी, शाळांच्या जिमखान्यात आणि चर्चच्या तळघरात भरतात. आपल्याकडे विघ्नं सतराशे साठ असतात, ती बहुधा इथूनच मोजली असावीत.

रिपब्लिकन मंडळींचं काम सुटसुटीत. भाषणं ऐकायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं, घरी जायचं. डेमोक्रॅटांची तऱ्हा २०२० पर्यंत निराळी होती. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं! साधारणपणे हजर माणसांच्या १५ टक्के डोकी कोपऱ्यात जमली नाहीत तर तो कोपरा बाद. मग त्यातल्या माणसांनी दुसरीकडे जायचं, इतरांना आपल्याकडे ओढायचं, नाहीतर कोट चढवून घर गाठायचं.

ही सभा एवढ्या लवकर का, यामागेही कारकुनी कारण आहे. १९६८ च्या गोंधळानंतर पक्षाने नियम बदलले. प्रभाग, काउंटी, जिल्हा आणि राज्य अशा चार पायऱ्यांच्या सभांमध्ये पुरेसे दिवस हवेत असं ठरलं. त्यांचे कागद काढायला पक्षाकडे एक म्हातारं सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि ते आपल्या चालीने चाले, असं सांगतात. मागे मागे सरकत १९७२ साली तारीख २४ जानेवारीवर आली आणि आयोवा सगळ्यांच्या आधी बसलं. १९७६ साली तिथे 'अजून ठरलं नाही' म्हणणारे ३७ टक्के निघाले. जिमी कार्टर त्यांच्या बरेच मागे, पण बाकीच्या उमेदवारांच्या पुढे. वर्तमानपत्रांनी 'ठरलं नाही' याचा फोटो छापायचा कसा म्हणून कार्टरचा छापला असावा. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले!

माझा भाचा नोकरीसाठी तिकडे गेला, तिथला नागरिक झाला आणि फेब्रुवारी २०२० च्या कॉकसला गेला. फोनवर सांगत होता, "मामा, हजर चौऱ्याऐंशी, आमच्या कोपऱ्यात अकरा."

मी तोंडी हिशेब केला. १२.६. पॉइंट सहा माणूस मिळत नाही, तेव्हा तेरा हवेत. "मग रे?"

"मग मी बोललो. अनोळखी माणसांसमोर, एक मिनिट. दोघं आले."

हा तोच पोरगा, ज्याने शाळेत वक्तृत्व स्पर्धेत 'अध्यक्ष महोदय' म्हणून पुढचं सगळं भाषण गिळलं होतं! समोरच्या कोपऱ्यात त्याच्या लेकीच्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या. परक्या देशात, लेकीच्या बाईंदेखत, 'मला हा माणूस पटतो आणि तो या कारणासाठी' असं म्हणायला छाती लागते. मला मामा म्हणून अभिमान वाटला.

"आणि सूनबाई कुठल्या कोपऱ्यात?"

"ती हॉस्पिटलात. रात्रपाळी होती."

म्हणजे तिचं मत शून्य. पक्षाने काही सभा वेगळ्या वेळीही ठेवल्या होत्या, पण तिची ड्यूटी त्यांत बसली नाही. ज्याची संध्याकाळ स्वतःच्या मालकीची, त्याचीच लोकशाही.

त्या रात्रीचा हिशेब तर विचारूच नका. आकडे कळवायचं नवं ॲप बसलं आणि फोन तुंबले. आमच्या काउंटरवर 'सर्व्हर डाऊन' ही पाटी लागते, ती तिथे अख्ख्या राज्याला लागली. असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करायलाच नकार दिला. नशीब, त्या वर्षी मतांची कागदी कार्डंही भरून घेतली होती. मशीन काहीही म्हणो, शेवटी व्हाउचर कामाला येतं. त्याआधी २०१२ साली रिपब्लिकनांनी रात्री मिट रॉम्नी यांना ८ मतांनी पुढे दाखवलं आणि दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आठ प्रभागांचे कागद मिळालेच नाहीत. आमच्याकडे आठ रुपयांचा फरक आला तर रात्री साडेनऊपर्यंत कुणी घरी जात नाही.

२०२४ साली १५ जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत रिपब्लिकन जमले, जेमतेम एक लाख दहा हजार. ट्रम्प यांना ५१ टक्के मिळाले. डेमोक्रॅटांनी मात्र कोपरे बंद करून पसंतीची कार्डं टपालाने मागवली आणि निकाल ५ मार्चला सांगितला. सूनबाईंनी ड्यूटीवरून आल्यावर चहा पिता पिता कार्ड भरलं.

भाचा मात्र हळहळत होता. "मामा, पाकिटाला पटवता येत नाही हो."

"खरं आहे," मी म्हटलं, "पण पाकीट रात्रपाळीलाही चालतं."

फोन ठेवेपर्यंत आमच्या दोघांपैकी कुणीही आपला कोपरा सोडला नाही.