आचारी, आचार्य आणि नोंदींचे ॲप

नोंदी ठेवायला कोणते ॲप घ्यावे, या प्रश्नाला माझी कसोटी एकच आहे. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द त्यात शोधला तर सापडतो का? निपाणीचा अलीकडचा इतिहास ज्याला टिपायचा आहे, त्याचे या शब्दावाचून पान हलत नाही. 1981 चे तंबाखू आंदोलन, शरद जोशींच्या हाकेसरशी पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ठिय्या देऊन बसलेली माणसे, 6 एप्रिलचा गोळीबार, पुढे भाव आणि कर्ज यांवर झालेल्या सभा : जिथे हात घालाल तिथे शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांवर. आणि नेमका हाच शब्द संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी साठतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ‘य’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘ऱ’ उमटवणाऱ्याची नोंद पहिल्या घरात पडते, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या काही साधनांची दुसऱ्या. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, दोन्ही रूपे ग्राह्य धरली आहेत, दुसरे जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून. मजकूर एकरूप करण्याची युनिकोडची जी ठरलेली रीत आहे, तीही या दोघांना एक करत नाही. त्यामुळे शोधाच्या चौकटीत शब्द लिहिला की निम्म्या नोंदी वर येतात, आणि उरलेल्या निम्म्या नाहीतच असा समज होतो. शोधणाऱ्याला चूक झाल्याचे कळतही नाही, म्हणून ही अडचण मला इतर सगळ्या अडचणींहून गंभीर वाटते.

यावर ढोबळ इलाज चटकन सुचतो : न दिसणारा जोडक गाळा, ‘ऱ’ला ‘र’ समजा, झाले. पण मग मराठीत दर्या आणि दऱ्या एक होतात. लग्नाच्या जुन्या हिशेबात आचाऱ्यांना काय दिले हे पाहू जावे, तर आचार्यांची प्रवचने वर येतात. म्हणजे जोडक असलेल्या रूपाला ‘ऱ’चे रूप मानायचे आणि साध्या रफाराला हात लावायचा नाही, इतका नेमका नियम हवा. ‘ॲप’ या शब्दाचीच गत पाहा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्याआधीची माणसे ‘अ’वर चंद्र देत किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरत, आणि अजूनही अनेकजण तसेच करतात. एकाच उच्चाराची तीन रूपे, आणि शोधयंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द. हे सगळे सोडवायला फार तर काही ओळींचा कोड लागतो. प्रश्न कोडचा नाहीच. त्या ओळी लिहाव्यात असे कोणाला वाटेल, हा आहे.

माझे म्हणणे असे की ते एकट्यादुकट्या माणसाने चालवलेल्या ॲपच्या कर्त्याला वाटण्याची शक्यता सर्वांत अधिक, आणि म्हणून अशा ॲपला धरून राहणे आपल्या निपाणी-बेळगाव सीमाभागातल्या नोंदकऱ्याच्या हिताचे आहे. मोठ्या कंपनीला मी शत्रू मानत नाही. युनिकोडच मुळी मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन उभे केले आहे, आणि देवनागरीचे कितीतरी चांगले टंक त्यांच्याच पैशांतून फुकट मिळाले. पण तिथे काम संख्येच्या क्रमाने चालते. सीमाभागातल्या द्विभाषिक नोंदकऱ्यांची रांग तिथे कधीच पुढे सरकणार नाही, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. शिवाय मोठेपणा म्हणजे टिकाऊपणा, हा समज पुराव्यावर उभा राहत नाही. गूगलने 2006 मध्ये नोटबुक नावाची नोंदवही सुरू केली, 2009 मध्ये तिच्यावरचे काम थांबवले आणि पुढे ती बंदच केली. एव्हरनोट ही एकेकाळची सर्वांत नावाजलेली नोंदवही. ती इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीने घेतली, आणि 2023 च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना 50 नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा उरली. कंपनीला पैसे मागण्याचा हक्क आहे. मात्र कंपनी मोठी आहे म्हणून आपली वही सुरक्षित आहे, असे म्हणायला जागा राहिली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे : एकटा माणूस कंटाळतो, आजारी पडतो, मरतो, मग वहीचे काय? ब्राम मोलेनार यांनी 1991 पासून विम हे लिहिण्याचे साधन एकहाती म्हणावे असे सांभाळले. वापरणाऱ्यांना ते सांगत की मला देण्यापेक्षा युगांडातल्या मुलांसाठी पैसे द्या. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते गेले. पाचच महिन्यांत, 2024 च्या जानेवारीत, इतरांनी पुढची आवृत्ती काढून त्यांना अर्पण केली. कारण मूळ कोड सर्वांसमोर होता आणि हात लावण्याचा अधिकार आधीच दुसऱ्यांकडेही होता. उलट उदाहरण जॉन ग्रूबर यांचे. व्हेस्पर हे नोंदींचे सुबक ॲप त्यांनी दोन सोबत्यांसह 2013 मध्ये काढले आणि 2016 मध्ये मिटवले. पण याच ग्रूबर यांनी 2004 मध्ये मार्कडाउन ही साध्या मजकुरातच ठळक, मथळा, यादी दाखवण्याची पद्धत मांडली होती. ती आज ऑब्सिडियन, जॉप्लिन अशा कित्येक ॲपांचा पाया आहे. एकाच माणसाचे ॲप तीन वर्षांत संपले आणि त्याची लिहिण्याची पद्धत दोन दशके चालू आहे. म्हणून कर्त्याचे आयुष्य मोजत बसण्यापेक्षा नोंद कोणत्या रूपात पडून राहते ते पाहावे. ती साध्या मजकुराच्या फाइलीत असेल, तर कर्ता गेल्यावर वापरणाऱ्याची सोय जाते, वही जात नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचे जुने लोक घेतात : मग कागदच काय वाईट? कागदाबद्दल मला आदर आहे. पण बेळगाव परिसरातल्या घराघरांत मोडीतले कागद अजून शाबूत आहेत आणि घरातल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. टिकणे आणि वाचता येणे या दोन गोष्टी आहेत. संगणकावर हे आणखी लवकर घडले. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, कन्नडसाठी नुडी अशा साधनांवर लोकांनी हजारो पाने टंकली. त्यांपैकी बऱ्याच मजकुराची अक्षरे त्या त्या टंकाच्या खासगी क्रमांकांत बांधलेली होती. टंक गेला की पडद्यावर नुसती खुणांची रांगोळी उरते. त्या फाइली कोणी पुसल्या नव्हत्या आणि त्यांचे बॅकअपही होते.

इथे माझ्याच धंद्याविषयी दोन शब्द कडक बोलतो. नोंद ठेवणाऱ्याला आपल्या मांडणीचा गर्व असतो, तो मलाही आहे. खुणा, उपखुणा, एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे धागे, त्या सगळ्यांचे पडद्यावर उमटणारे जाळे. ते दुसऱ्याला दाखवताना छाती फुगते. पण जाळे देखणे असून शोध अर्धाच चालत असेल, तर त्या जाळ्याला काही अर्थ नाही. नवे ॲप आले की नोंदी उचलून तिकडे नेणारे लोक याच गर्वापोटी फिरत राहतात. दुसरीकडे बहुसंख्य लोकांनी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवणे, ही नोंदवही मानली आहे. सभेत फळ्याचा फोटो काढला की टिपण झाले असे त्यांना वाटते. टिपण म्हणजे ऐकलेल्यातले काय ठेवायचे हे त्याच क्षणी ठरवणे, आणि ती सवय माझ्या डोळ्यांदेखत मोडते आहे. राहिला पैशांचा प्रश्न. डॉलरमधली वर्गणी खानापूरच्या विद्यार्थ्याला परवडत नाही, हे खरे. पण जॉप्लिनसारखे ॲप फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. ज्याला परवडते त्याने द्यावे, ज्याला परवडत नाही त्याने कामातून द्यावे. चूक कुठे होते ते दोन्ही रूपांच्या नमुन्यासकट लिहून कळवणे हे कर्त्याच्या दृष्टीने वर्गणीइतकेच मोलाचे आहे. मराठी न येणाऱ्या कर्त्याला आचारी आणि आचार्य यांतला फरक दुसरे कोण समजावणार?

आणि सीमाभागात हे काम दुप्पट आहे, कारण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, घरातली पत्रे मराठीत, आणि दोन्हींवरची टिपणे एकाच वहीत. सुदैवाने युनिकोडने भारतीय लिप्या इस्की या आधीच्या भारतीय मानकाच्या 1988 च्या आराखड्यावरून समांतर मांडल्या. देवनागरी ‘क’चा क्रमांक 2325, कन्नड ‘क’चा 3221. ‘ळ’चा 2355, कन्नडमधला 3251. दोन्हीकडे फरक 896 चाच. तेवढे वजा केले की कन्नड शब्द देवनागरीत उतरतो आणि एका शोधात दोन्ही लिप्या चाळता येतात, निदान वरवर पाहता. प्रत्यक्षात कन्नडमधले बेळगावीचे ‘बे’ ऱ्हस्व आहे, आणि तो ऱ्हस्व एकार मराठी कळफलकावरून कोणी लिहीत नाही. शेवटची ‘वि’ही ऱ्हस्व. निपाणीला तिकडे दोन ‘प’, चिकोडीला दोन ‘क’, आणि आपली सौंदत्ती तिकडे सवदत्ति. ऱ्हस्वदीर्घ सैल केले तर बेळगावी जुळते, त्यासोबत जोडाक्षरही सैल केले तर निपाणी आणि चिकोडी जुळतात, पण तेवढ्याने इतर शेकडो शब्द नाहक एकमेकांत मिसळतात; सौंदत्ती तर कशानेच जुळत नाही. त्यामुळे नियम लहान ठेवावा आणि गावांच्या नावांची जोडयादी वेगळी ठेवावी, असे माझे मत बनले आहे. साध्या मजकुराची फाईल, एका ओळीत एक गाव, त्याची सगळी रूपे शेजारी शेजारी, 2014 च्या नामांतराआधीची आणि नंतरची धरून. ती यादी कोणताही कर्ता परदेशी बसून करू शकणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांत दोन्ही भाषा कानावर असलेली माणसे आहेत, आणि ती त्यांनाच भरावी लागेल.