होडी जाते, वळत नाही

मुंबईत एक जुनी ‘एंटरप्राइज’ विकायला आहे. १९५६च्या डिझाइनची, दोघांची, निळ्या शिडांची, ट्रेलरसकट. फोटो बघूनच मी पाघळलो होतो. प्रत्यक्ष गेलो, मधल्या फळीच्या खाचेपाशी अंगठा दाबला, तर प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. किंमत मात्र तीच.

आणि ठेवू कुठे? तांबट आळीजवळच्या आमच्या बोळात स्कूटरवरून भांडणं होतात. खडकवासल्याला न्यायची तर दर रविवारी ट्रेलर बाहेर काढायचा.

आजीला सांगितलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, कसब्यात पाणी शिरलं, ते तिने पाहिलंय. म्हणाली, “तेव्हा आणायचीस की!”

मालकांना अजून नाही म्हणालेलो नाही. होडीची रुंदी १.६ मीटर. काल रात्री टेप घेऊन बोळ मोजला. होडी जाते, कोपऱ्यावर वळत नाही.