आईच्या पावलांच्या मापाचा जिना

खेड्यात घर बांधताना जिन्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. भिंती, छप्पर, दारे-खिडक्या यांवर पैसा संपला की उरलेल्या कोपऱ्यात जो मावेल तो जिना. झरी जामणी तालुक्यातील आमच्या गावच्या जुन्या घरांतही हेच दिसते. हा कापसाचा मुलूख. भाव वाढेपर्यंत कापूस ठेवायला माळा हवा, आणि डोक्यावर बोजा घेऊन चढणाऱ्या धडधाकट माणसापुरती शिडीवजा वाट असली की पुरे. म्हाताऱ्यांनी खालीच राहावे, हे त्या रचनेत न बोलता गृहीत धरलेले असते.

आमच्या घरातील जिना बाबांनी स्वतःच्या हातांनी केला होता. ते सुतार नव्हते; दुसऱ्यांच्या शेतात राबणारे मजूर होते. सागवानाच्या दोन दांड्या आणि त्यांत बसवलेल्या नऊ फळ्या. दहावे पाऊल थेट माळ्यावर. एकूण उंची ९ फूट ४ इंच. म्हणजे दर पायरीला पाय ११ इंचांहून अधिक उचलावा लागे आणि टेकायला जागा जेमतेम ६ इंच मिळे. याच जिन्याने चढून आम्ही तिघा भावंडांनी कापसाच्या ढिगाशेजारी कंदील ठेवून अभ्यास केला, आणि पुढे आपल्या शाळेच्या वसतिगृहात दाखल झालो.

काळाच्या ओघात माळ्याची पक्की खोली झाली. तेथे बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर विराजमान झाली. सायंकाळची वंदना तेथेच होऊ लागली. तोवर बाबा निवर्तले होते आणि कापूस वेचता वेचता आईचे गुडघे झिजले होते. ती जिन्याच्या पायथ्याशी पाटावर बसून हात जोडी आणि वरून येणाऱ्या आवाजात आपला आवाज मिसळी.

जिना बदलण्याची गोष्ट निघाली तेव्हा पहिला विरोध आईचाच झाला. "कायले तोडता? तुमच्या बाबाच्या हातचा आहे तो. मले वर जाऊन काय करायचं आहे?" आम्हा भावंडांतही एकमत नव्हते. त्या फळ्यांना हात लावणे म्हणजे बाबांच्या कष्टांना हात लावणे, असे कोणाला वाटे. तर दुसऱ्याचे म्हणणे, खर्च मोठा आणि धान्याची खोली जाणार.

तेव्हा बहिणीने शाळेत ऐकलेल्या एका विचाराची आठवण करून दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला. पण मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. तळाचा माणूस कितीही लायक असो, त्याने तळातच मरावे. बहीण म्हणाली, "आपल्या घरात जिना आहे, पण आईसाठी तो नसल्यासारखाच आहे." तिने आणखी एक स्मरण दिले. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांनाही पायांच्या दुखण्याने ग्रासले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा समारंभात ते हातात काठी घेऊन, सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत मंचावर आले होते. यानंतर घरात वाद उरला नाही. आईचा नकारही हळूहळू मावळला.

जिन्याचे गणित मिस्त्रींनी आम्हाला समजावले. घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरहून उंच नसावी आणि पाऊल टेकायला किमान २५० मिलिमीटर जागा असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आम्ही आईला वेगवेगळ्या उंचीच्या विटांच्या थरांवर पाय ठेवायला लावले; ७ इंचांवर तिचा पाय विनासायास गेला. म्हणून ७ इंचांची १६ पावले आणि १० इंच रुंद पायऱ्या ठरल्या. सरळ रेषेत त्याला साडेबारा फूट जागा लागली असती. त्यामुळे आठ-आठ पावलांचे दोन भाग करून मध्ये श्वास घ्यायला चौक ठेवला. धान्याची खोली त्यात गेली.

मिस्त्रींचा सर्वाधिक कटाक्ष होता तो सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवण्यावर. दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची ओळखतो आणि पुढे नजर न टाकता चालतो. एखादी पायरी अर्धा-पाऊण इंच वेगळी निघाली की माणूस तेथेच अडखळतो. खालच्या खोलीत नंतर फरशी बसवली की पहिली पायरी आपोआप ठेंगणी होते. म्हणून तयार फरशीची पातळी पाण्याच्या नळीने आधीच भिंतीवर आखून घेतली. सेंट्रिंग चौदा दिवस ठेवले. त्या काळात आम्ही बाहेरून शिडी लावून वर जात होतो. सकाळ-संध्याकाळ काँक्रीटवर पाणी मारण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले. कठडा दोन्ही बाजूंना लावला. कारण चढताना तिला उजव्या हाताचा आधार लागतो आणि उतरताना तोच हात दुसऱ्या बाजूला येतो.

जुन्या जिन्याच्या नऊ फळ्यांपैकी पाच वाळवीने पोखरल्या होत्या. त्या चुलीत गेल्या. उरलेल्या चार फळ्यांचे पुस्तकांचे कपाट झाले. ते वरच्या खोलीत, मूर्तीच्या शेजारी आहे. आई आता रोज सायंकाळी वर येते, चौकात क्षणभर थांबते आणि वंदनेला आमच्या ओळीत बसते. तिला अक्षरओळख नाही. पण कपाटातील धूळ तीच पुसते आणि कोणती फळी कितवी पायरी होती, हे नातवंडांना सांगते.

या शाळेतून शिकून बाहेर पडलेले आपण अनेक जण आज गावी आईवडिलांसाठी घरे बांधत आहोत, जुनी घरे दुरुस्त करीत आहोत. या बांधवांना आमची एवढीच विनंती आहे: जिन्याचे माप ठरवताना घरातील सर्वांत दुखऱ्या पायाच्या माणसाला आधी विचारावे. वरची खोली कितीही सुंदर झाली, तरी ज्यांच्या श्रमावर ती उभी राहिली त्यांना तिच्यात पाऊल ठेवता आले पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.