माळ्यावरची सवत

मैत्रिणींनो, नवऱ्याला छंद असावा की नसावा, या विषयावर मी कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत तावातावानं बोलले होते. अर्थात 'असावा' या बाजूनं! बक्षीसही मिळालं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते बक्षीस परत करावं असं मला वाटू लागलं.

आम्ही लातूरला राहतो. हे बँकेत आहेत. मी सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते; बाकीचा दिवस घर आणि मुलगा. आमच्या ह्यांचा छंद म्हणजे जुने कॉम्प्युटर गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि जपून ठेवायचे. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. ती बिचारी वहीत तरी मावतात! आमच्याकडे माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, आणि एके दिवशी लोणच्याच्या बरण्यांशेजारी दोन कीबोर्ड नि एक डबाभर फ्लॉप्या येऊन बसल्या. पाहुणे विचारत, "दुकान टाकायचा विचार आहे का?" मी नुसती हसायची. माझ्या मनात मात्र माळ्यावर सवत आणून बसवल्याची भावना असे.

दर रविवारी ह्यांची मंडळी जमते. टीव्ही दुरुस्त करणारे एक काका, तंत्रनिकेतनातले एक सर आणि इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा. गच्चीवरच्या खोलीत डिंकासारखा, कथिलासारखा वास सुटतो आणि मला खालून तीनदा चहा पाठवावा लागतो. हळूहळू चहा द्यायला गेले की मीही दोन मिनिटं रेंगाळू लागले. कारण खरं सांगू? त्यांची निम्मी कामं आपल्या स्वयंपाकघरातलीच निघाली!

फार जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर एक छोटी गोल बॅटरी झाळलेली असते. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकते. तो हिरवट क्षार कशानं काढतात म्हणता? व्हिनेगरनं! क्षार अल्कली, व्हिनेगर आंबट; आपण भांड्यांना चिंच लावतो त्यातलाच प्रकार. मग स्पिरिटनं पुसायचं आणि पुरतं वाळवायचं. पांढऱ्या कॅबिनेटचा रंग हळदीसारखा पिवळा पडतो, कारण प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीन असलेली द्रव्यं मिसळलेली असतात आणि ऊन-हवेनं ती रंग बदलतात. त्यावर २००८ सालाच्या सुमारास परदेशातल्या हौशी लोकांनी उपाय काढला. ब्यूटी पार्लरमध्ये केस रंगवताना वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावायचं, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. लातूरच्या उन्हाला काय तोटा! एप्रिलात आमच्या गच्चीवर एका बाजूला माझ्या कुरडया आणि दुसऱ्या बाजूला ह्यांचे कीबोर्ड वाळत असतात.

त्यांच्याकडे एक 'डीबी स्पेक्ट्रम' आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या देशात विकला जाई. दिसायला नुसता कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम चक्क टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा. कॅसेट लावली की कर्कश किंचाळी ऐकू येते, आणि चार-पाच मिनिटांनी पडद्यावर खेळ! १९८४ साली सरकारनं शाळांमधून कॉम्प्युटर शिकवण्याची योजना काढली, तेव्हा पहिल्यांदा अडीचशे शाळांना इंग्लंडचे 'बीबीसी मायक्रो' मिळाले होते. तसा एखादा कुठल्या तरी शाळेच्या अडगळीत सापडावा, हे आमच्या मंडळींचं स्वप्न!

"हे सगळं कशासाठी?" असं मी विचारलं की हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या 'टिफ्रॅक'ची गोष्ट सांगत. आपल्याच लोकांनी बनवलेला तो कॉम्प्युटर १९६०मध्ये सुरू झाला, १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं. त्यात दोन हजार सातशे व्हॉल्व्ह होते. "आणि तिकडे इंग्लंडात ब्लेचली पार्कला १९५१चा कॉम्प्युटर २०१२मध्ये पुन्हा चालू केला लोकांनी!" मी म्हणायची, "तिकडे त्यांना मोठं संग्रहालय आहे. इथं दोन खोल्या आहेत, त्यात माझ्या शिलाई मशीनला जागा नाही."

एका दिवाळीला मात्र कडेलोट झाला. पडद्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे एका कीबोर्डात गेले. मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "माळा रिकामा करा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते." हे काही बोलले नाहीत. गच्चीवर जाऊन बसले.

आणि नेमका त्याच आठवड्यात नांदेडहून आईचा फोन आला.

माझं माहेर नांदेडचं. बाबांनी १९९७ साली घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी सेंटर काढलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, प्रश्नपत्रिका. माझं लहानपण त्या प्रिंटरच्या घरघरीत गेलं. २०११ साली बाबा गेले आणि कॉम्प्युटरवर आईनं जुनी चादर टाकली ती टाकलीच. आता खोली भाड्यानं द्यायची होती. आई म्हणाली, "भंगारवाला तीनशे द्यायलाय. देऊन टाकू का बाई?"

"देऊन टाक" असं मी म्हणणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण एकदम आजी आठवली.

माझी आजी कंधार तालुक्यातली. निरक्षर, पण जात्यावर बसली की ओव्या थांबत नसत. २००२च्या उन्हाळ्यात बाबांनी तिला कॉम्प्युटरशेजारी खुर्चीवर बसवून तिच्या ओव्या टाइप केल्या. तिच्या पंचाहत्तरीला पुस्तिका काढायची होती. पुढच्याच वर्षी आजी गेली. पुस्तिका राहिली ती राहिलीच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मी शाळेत मुलांना कौतुकानं सांगते. आणि माझ्याच आजीच्या ओव्या तीनशे रुपयांत निघाल्या होत्या!

मी फोन ठेवला, गच्चीवर गेले आणि म्हणाले, "अहो, नांदेडला जायचंय." अबोला असा मोडला.

बाबांचा तो डबा आम्ही एसटीत मांडीवर घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आणला. मला वाटलं, आता बटण दाबायचं की झालं. पण ह्यांनी हातही लावू दिला नाही. आधी धूळ काढली. फुगलेली कपॅसिटर आहेत का ते पाहिलं. मग हार्ड डिस्क बाहेर काढून तिची नक्कल करून घेतली, कारण जुनी डिस्क किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. चारपैकी तीन फाइली नीट उतरल्या, एक खराब निघाली. शेवटी काकांनी शंभरचा दिवा सिरीजमध्ये लावून वीज जोडली. आत कुठं शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो, मशीन जळत नाही. दिवा क्षणभर उजळला, मंद झाला आणि पंखा फिरू लागला.

आतली घड्याळाची बॅटरी केव्हाच संपलेली. पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी १९९८. त्या डब्याच्या लेखी बाबा अजून होते, आजी होती, मी परकर-पोलक्यातली होते. मैत्रिणींनो, मी चहाचे कप आणायच्या निमित्तानं खाली निघून आले.

पण ओव्या काही दिसेनात! नव्या कॉम्प्युटरवर त्या फाइली उघडल्या तर नुसती चिन्हं, कंस, वेलांट्या, इंग्रजी अक्षरांचा चिवडा. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्याही घरात असं काही असू शकेल. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क' म्हणजे जगात कुठंही 'क'च. पूर्वी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची आपापली परिभाषा असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर लिहिलेलं वाचता येत नाही. बाबांच्या मशीनवर ते सॉफ्टवेअर होतं, पण ते म्हणे, 'लॉक सापडत नाही'. चोरून वापरू नये म्हणून तेव्हा काडेपेटीएवढं एक लॉक मिळायचं. ते प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय काम सुरूच होत नसे. नव्या कॉम्प्युटरला तर ती खाचही नसते.

मी निराश होऊन आईला फोन केला. तिला वर्णन सांगितलं.

"अगं माय, ते होय!" आई म्हणाली. "ते माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरात आहे, बटणांच्या डबीत. तुझे बाबा म्हणायचे, हे हरवलं की धंदा बंद. म्हणून ठेवलं जपून."

म्हणजे पाहा! कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघालेल्या माझ्या आईनं त्याची किल्ली मात्र इतकी वर्षं बटणांत सांभाळली होती. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, गंजिफा बघताना आपण दिनकर केळकरांचं कौतुक करतो. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी त्या कामात किती साथ दिली, ते चटकन आठवत नाही. जपणं हा काही फक्त पुरुषांचा छंद नाही. आपण बायका त्याला छंद म्हणत नाही, इतकंच.

पुढच्या रविवारी आई स्वतःच लॉक घेऊन आली. ते खोचलं आणि पडद्यावर आजीची पहिली ओवी उमटली. मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज दुपारी जुन्या पडद्यावरून वाचून एकेक ओवी युनिकोडमध्ये उतरवली. तीन फाइलींत एकशे पंचेचाळीस निघाल्या. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, पंढरीच्या, दुष्काळाच्या. चौथी फाइल गेली ती गेलीच. आई म्हणाली, "थांब, मला येतात काही." पण खुर्चीवर बसून तिला आठवेनात. मग तिनं परात पुढ्यात घेतली, डोळे मिटले आणि जात्याचा खुंटा धरावा तसा हात गोल फिरवू लागली. हात फिरू लागला तशा ओव्या आल्या. सत्तावीस. हातात इतकी आठवण असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एकशे बहात्तर ओव्यांच्या तीस प्रती काढून आम्ही आत्या-मावश्यांना वाटल्या. एक प्रत आजीच्या गावच्या शाळेलाही दिली.

जाता जाता चार गोष्टी सांगते. जुना कॉम्प्युटर विकण्याआधी त्यात कुणाचं काय आहे ते बघा. निदान हार्ड डिस्क काढून ठेवा. सोबतची लहानसहान लॉकं, वायरी, सीड्या एका डबीत नाव लिहून ठेवा. जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये उतरवून घ्या आणि त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. पेरॉक्साइडला हात लावताना हातमोजे घाला. आणि जाड काचेचा जुना मॉनिटर कधीही स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. टाकायचाच असेल तर त्याच्या काचेत शिसं असतं, म्हणून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

माळा अजून रिकामा झालेला नाही. मीही ते बोलणं सोडून दिलं आहे. फक्त एक अट घातली. बाबांचा कॉम्प्युटर माळ्यावर जाणार नाही. तो माझ्या शिलाई मशीनशेजारी राहील, आणि त्याचं लॉक माझ्या बटणांच्या डबीत.

पडदे मात्र अजून यायचेच आहेत बरं का!