गादी सरकली, धीर सरकू नये



आमच्या वडोदऱ्याच्या पॅरिशमध्ये आजाऱ्यांना भेटायला गेलो की हल्ली एक दुखणे वारंवार ऐकू येते : मानेची गादी सरकली. मान अवघडते, कळ खांद्यावरून बोटांपर्यंत उतरते, रात्री कूस बदलवत नाही. आमच्या गायकवृंदातल्या एका मावशींचे असेच झाले. कोणी म्हणाले, लगेच ऑपरेशन करून टाका. कोणी म्हणाले, श्रद्धा असेल तर गोळ्या सोडा. मावशी दोन्हींनी घाबरल्या.

आम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. तिथे समजले ते सर्वांनी ऐकावे असे आहे. मानेत 7 मणके असतात. मणक्यांमधल्या गादीचा गाभा मऊ आणि पाणीदार. तो बाहेर आला की शेजारची नस दबते, सुजते. पण बाहेर आलेल्या तुकड्याला शरीर परका समजते. संरक्षक पेशी तो हळूहळू खातात, त्यातले पाणी आटते, सूज उतरते. म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो.

वाट पाहणे म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. डॉक्टरांनी दिलेले औषध, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, रोजचे चालणे, खाली मान घालून मोबाइल न पाहणे, हे सारे त्यातच आले. कोणाकडूनही मान मोडून घेऊ नये. आणि हातातली ताकद कमी झाली, बटणे लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तिथे शस्त्रक्रिया हीसुद्धा देवाचीच कृपा.

यशयाच्या 38व्या अध्यायात हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो. देव त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढवतो. तरी संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतोच. प्रार्थना आणि लेप, दोन्ही एकाच घरात. संत लूकही वैद्यच होते.

तीन महिन्यांनी मावशी पुन्हा मिस्सात गाऊ लागल्या. बोटांत अजून कधी मुंग्या येतात. ज्यांचे दुखणे अजून उतरलेले नाही, त्यांची श्रद्धा उणी आहे असे आपण कोणीही म्हणू नये. त्यांची पिशवी उचलावी, रिक्षा बोलवावी, शेजारी बसावे.

हे प्रभो, थकलेल्या मानांना आधार दे आणि आम्हांला धीर दे. आमेन.