सटाण्याचा बाळंतविडा

नाशिकहून सटाण्याला जाणारी एस. टी. सोग्रस फाट्याला महामार्ग सोडते आणि भावडबारीचा घाट चढू लागते. घाट ओलांडला की हवा बदलते. देवळा मागे पडते, मग गिरणेवरचा पूल, पलीकडे ठेंगोड्याचा गणपती, आणि थोड्याच वेळात सटाणा. गेल्या मार्गशीर्षात मी या वाटेने गेले तेव्हा दोन्ही बाजूंना लाल कांद्याची काढणी चालू होती. लवकर छाटलेल्या बागांतून द्राक्षांच्या पेट्या भरल्या जात होत्या. बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागली होती. यात्रेचे दिवस असल्यामुळे गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती.

मी मात्र यात्रेला निघाले नव्हते. माझी थोरली बहीण सटाण्यात राहते. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या मुलीचे बारसे होते. खरे तर बाराव्या दिवशीच व्हायचे. पण पोर आठव्या महिन्यातच जन्माला आली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. बारावा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीजवळ गेला. सत्तावीस दिवसांनी बाळ घरी आले, आणि अक्काचा फोन आला, ''चार दिवस आधी ये. बाळंतविडा अजून शिवायचाय.''

मला नवल वाटले. आमची अक्का म्हणजे सुईदोऱ्याची माणूस. गल्लीत कोणाची सून बाळंत होणार असली की हिच्याकडे दुपटे तयार. आणि स्वतःच्या नातीचे काहीच शिवलेले नाही?

सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठिकाण. आरम नदी गावाजवळून वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. तालुक्यात साल्हेर-मुल्हेरचे किल्ले आहेत. १६७२ साली साल्हेरला मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला, ते हेच बागलाण. पण सटाणा म्हटले की या भागातल्या माणसाला प्रथम देवमामलेदार आठवतात. यशवंत महादेव भोसेकर हे इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. एक लाख सत्तावीस हजार रुपये वाटले असे इथले लोक सांगतात. पुढे तपासणी झाली तेव्हा तिजोरी भरलेलीच सापडली, अशी श्रद्धा आहे. १८८७ साली नाशिकला त्यांचे निधन झाले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात त्यांची मोठी यात्रा भरते. एका मामलेदाराचे देऊळ बांधून त्याला पुजणारे गाव सहसा दिसत नाही.

घरी पोचले तेव्हा भाची ओसरीच्या आतल्या खोलीत बाळाला उराशी घेऊन बसली होती. बाळ उघडे, फक्त टोपडे आणि लंगोट; आईच्या अंगाला अंग लावलेले, आणि वरून दोघींवर एक मऊ धोतर. दवाखान्यातल्या सिस्टरने असेच शिकवले होते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या अंगाची ऊब कोणत्याही दुलईपेक्षा जास्त मानवते. अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी डॉक्टर आता हा उपाय आवर्जून सांगतात.

शेजारच्या जिजी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, बोलणे अहिराणी. मला पाहून म्हणाल्या, ''कव्हय उनी व माय?'' मी म्हटले, ''आत्ताच.'' मग हळूच अक्काकडे वळून विचारले, ''काहीच कसं शिवलं नाहीस गं?''

अक्का काही बोलली नाही. आत गेली आणि लोखंडी पेटीवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आले. तीन वर्षांपूर्वी भाचीला पहिल्यांदा दिवस गेले होते. अक्काने सातव्या महिन्यापासूनच शिवायला घेतले. आमच्या आईचे निळे लुगडे होते, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. त्याचे दुपटे शिवले, चार झबली, एक कुंची. मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. ते सगळे तेव्हापासून या पेटीत होते. बायका कुजबुजल्या होत्या, आधी शिवायला नको होते. बाळ येण्याआधी काही शिवू नये असे आपल्याकडे म्हणतातच. अक्काने ते मनाला लावून घेतले. दुसऱ्या खेपेला तिने सुईला हातच लावला नाही.

दुपट्याने कोणाचे बाळ जात नाही, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे.

बाळंतविडा म्हणजे काय, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. दुपटे, झबली, टोपडी, लंगोट, कुंची, बाळाच्या अंगाखालची लहान गोधडी. आणि बाळंतिणीसाठी डिंक, खोबरे, अळीव. आता सगळे तयार मिळते. सटाण्याच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले संच टांगलेले दिसतात, गुबगुबीत आणि रंगीत. पण हात लावून पाहिले तर बहुतेक कापड सुती नसते. त्यात घाम जिरत नाही आणि बाळाच्या मानेत, काखेत पुरळ उठते. आपल्या आज्या जुने कापड वापरत ते निव्वळ गरिबीने नव्हे. नव्या कापडाला खळ असते, ती टोचते. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याला खळही नसते आणि रंगही जाण्यासारखा उरलेला नसतो.

अडचण वेगळीच आहे. असे लुगडे आता आणायचे कुठून? सटाण्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर मालेगाव, म्हणजे यंत्रमागांचे शहर. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी ते वाढवले. इतके कापड विणणारे शहर जवळ असूनही घरात मऊ, सुती, जुने लुगडे सापडत नाही. कारण आपण सगळ्याच जणी न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या साड्या नेसतो. सुती नऊवारी फक्त जिजींसारख्यांच्या अंगावर उरली. त्यांच्या मागे गोधडीचे कापडही जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजी काठी टेकत आल्या. काखेत एक गाठोडे. त्यात त्यांचे विटके हिरवे लुगडे होते. मागोमाग समोरच्या वहिनींनी सासऱ्यांचे धोतर आणले. जावईबापू नामपूरकडचे. कांदा भरलेला ट्रॅक्टर बाजारात सोडून ते डोकावले, तेव्हा त्यांच्या आईने वडिलांचा जुना पटका पाठवला होता. कोणीच कोणाला सांगितले नव्हते. चीनमध्ये जुनी रीत आहे, शंभर घरांतून चिंध्या गोळा करून बाळासाठी अंगरखा किंवा पांघरूण शिवायचे, म्हणजे शंभर घरांचे आशीर्वाद त्याला लागतात. बंगालात जुन्या साड्यांचे थर जोडून कांथा करतात, बिहारात सुजनी. तीही नवजात बाळाला गुंडाळायला. आपल्याकडे घरे मोजत नाहीत एवढेच.

कापडाचा ढीग झाला, पण अक्का बसेना. तेव्हा आतून भाची म्हणाली, ''आई, पेटीतलं दुपटं काढ.''

खोलीत कोणी हलले नाही. समोरच्या वहिनी चटकन म्हणाल्या, ''नको गं बाई. ते कशाला?''

''मला पाहिजे,'' भाची म्हणाली. ''वर दिसायला नको. पण आत असू दे. तोही माझाच होता.''

अक्काने माझ्याकडे पाहिले, मी जिजींकडे. जिजींची स्वतःची तीन लेकरे लहानपणीच गेलेली. त्या म्हणाल्या, या गावात मामलेदाराने सरकारची तिजोरी उघडली, तुला आपली पेटी उघडायला एवढा विचार कशाला? आणि हसल्या. अक्काही रडता रडता हसली. मग तिने पेटी उघडली.

दुपटे उसवायला सकाळ गेली. टाके इतके बारीक की ब्लेड लावायला जीव होईना. उसवलेले निळे कापड कढत पाण्यात धुतले, उन्हात वाळवले. दुपारनंतर ओसरीवर चटई टाकून शिवण सुरू झाली. कशी शिवली ते सविस्तर सांगते, म्हणजे कोणाला करायची झाल्यास उपयोग होईल.

बाळाच्या अंगाखालच्या गोधडीला एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद माप पुरते. खाली जिजींचे हिरवे लुगडे अंथरले, ताणून सपाट केले आणि चार कोपऱ्यांवर वजने ठेवली. त्यावर धोतराचा थर, त्यावर निळे कापड, वर पटक्याचा तुकडा. चार थर पुरे; मोठ्यांच्या गोधडीसारखे सहा-सात घालायचे नाहीत, धुतल्यावर वाळत नाही. हाताने सुरकुत्या काढीत आधी लांब-लांब कच्चे टाके घातले, म्हणजे थर सरकत नाहीत. कडा आत दुमडून शिवल्या. मग कडेपासून बोटभर अंतर ठेवून सुती दोऱ्याने धावदोरा. एका कोपऱ्यापासून निघायचे, चारी बाजूंनी फिरायचे, आणि चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत यायचे. चौघी चार बाजूंना बसल्या की काम झरझर होते. दोरा ओढायचा नाही, नाहीतर गोधडी आखडते. गाठी थरांच्या आत लपवायच्या, बाळाच्या अंगाला लागता कामा नयेत. शेवटी कच्चे टाके काढून टाकायचे.

झबल्याची एक जुनी युक्ती जिजींनी सांगितली. पहिल्या महिन्यातल्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अंगाला घासत नाही. गुंडी नको, टाचणी नको. छातीवर बांधायचे आखूड बंद. गळ्याशी नाडी तर मुळीच नको. लुगडे नसेल तर मीटरवर मिळणारे सुती मलमल आणावे आणि तीन-चार वेळा धुऊनच कापावे. जुनी सुती चादर, धोतर, पंचा, काहीही चालते. फक्त सुती असावे.

भाचीने दवाखान्यातून आणखी काही गोष्टी शिकून आणल्या होत्या. त्यांतल्या काही आम्हा म्हाताऱ्यांना नव्या होत्या. गोधडी बाळाच्या अंगाखाली घालावी. वरून जाड पांघरूण घालू नये. लहान बाळाला तोंडावरचे पांघरूण दूर करता येत नाही आणि श्वास कोंडतो. थंडी असेल तर झबले वाढवावे, पांघरूण नव्हे. बाळाला उताणे निजवावे, उशाशी मऊ उश्या रचू नयेत. दुपट्यात गुंडाळताना पाय ताठ करून आवळू नयेत. कमरेखाली सैल ठेवावे, नाहीतर खुब्याचा सांधा निखळण्याची भीती असते. जिजींनी हे सगळे ऐकून घेतले. ''आम्ही तर काठीसारखं बांधायचो,'' त्या आपल्या बोलीत म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांनी बाळाला हातात घेतले तेव्हा दुपटे सैल गुंडाळले होते.

तीन दिवसांत दोन दुपटी, सहा झबली, खणाची कुंची आणि ती गोधडी झाली. संध्याकाळी यात्रेचे आवाज येत, पाळण्यांचे, पिपाण्यांचे. एक दिवस मी आणि अक्का देवमामलेदारांच्या दर्शनाला जाऊन आलो. गर्दीत तिने माझा हात लहानपणी धरायची तसा धरला होता. परतताना खेळण्यांच्या दुकानाशी थांबून तिने एक लाकडी खुळखुळा घेतला. तीन वर्षांत तिने बाळासाठी विकत घेतलेली ही पहिली वस्तू.

बारसे साधेच झाले. बाळाचे वजन तोवर अडीच किलोच्या जवळ आले होते. कुंची मोठी झाली, पोरीचे डोळेच झाकले गेले, तेव्हा ती काढून टोपडेच ठेवले. कुंची दोन महिन्यांनी होईल. पाळण्यात खाली ती गोधडी अंथरली. वरून पटक्याचा लाल तुकडा दिसत होता, खालून जिजींचे हिरवे लुगडे. निळे कुठेच दिसत नव्हते. भाचीने पाळण्यात हात घालून गोधडी एकदा सारखी केली, आणि मग बाळाला ठेवले.

निघताना जिजींनी मला बोलावून सांगितले की त्यांच्याकडे अजून दोन लुगडी आहेत. गल्लीत पुढच्या वर्षी कोणाकडे पाळणा हलला तर त्यांना आठवण करून द्यायची. मी त्यांना म्हटले, तुम्हीच असाल की तेव्हा. त्या नुसत्या हसल्या.

भगिनींनो, तुमच्याही घरी पेटीत, माळ्यावर, गाठोड्यात एखादे सुती लुगडे किंवा धोतर पडलेले असेल. भांडी घासायला किंवा पोतेरे करायला ते देऊन टाकू नका. धुवा, उन्हात घाला, घडी करून ठेवा. आणि घरात जी कोणी म्हातारी अजून टाका घालते, तिच्याजवळ एक दुपार बसा. सुनेला बसवा, लेकीला बसवा, मुलगा बसला तरी बिघडत नाही. सुईत दोरा ओवून देणारे तरुण डोळे तिला हवेच असतात.