मशीन आलं, ग्रीस कोण घालणार?

गणपती तोंडावर आले की आमच्या कोकणात वाडीच्या पायवाटा गवतात गडप होतात. वळणावर समोरची गाडी दिसत नाही. पोरं कमरेएवढ्या गवतातून शाळेत जातात, आणि त्या गवतात फुरसं असतं हे काय कोणाला सांगायला नको. ग्रामपंचायतीकडे दोन ग्रास कटर आहेत. दोन्ही बंद. आता म्हणे तिसरा घ्यायचाय.

मी बागेत हे मशीन बरीच वर्षं चालवतो, म्हणून सांगतो मंडळी, तिसरा घेण्याआधी पहिले दोन उघडून बघा.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. कंपनीने 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40. घाईत नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन जाम. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं. ऑक्टोबरचं पेट्रोल जूनपर्यंत टाकीत राहिलं की कार्बोरेटर चोंदलाच म्हणून समजा. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवायचा. प्लगवरची काजळी काढायची. पात्याजवळच्या गिअर बॉक्समध्ये अधूनमधून ग्रीस भरायचं. आणि पातं तडकलं असेल तर वेल्डिंग मारून वापरायचं नाही, सरळ बदलायचं. फिरताना तुटलं तर माणसाचा पाय जाईल.

याला इंजिनिअर लागत नाही. एक जबाबदार माणूस लागतो आणि ऑइल, प्लग, ग्रीसपुरते थोडे पैसे. पण खरेदीचा फोटो निघतो, ग्रीसचा कोण काढणार? आज कोणीही मशीन नेतो, बंद पडलं की कोपऱ्यात ठेवतो. चालवणाऱ्या मजुराला चष्मा नाही, बूट नाहीत. दगड उडून डोळा गेला तर जबाबदार कोण?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारूया. मशीन कोणाच्या ताब्यात आहे? देखभालीला किती तरतूद आहे? चालवणाऱ्याला चष्मा, बूट कधी देणार? उत्तरं लेखी घेऊया, म्हणजे पुढच्या वर्षी विसरायला नको.

आणि गवत आत्ता निघालं नाही, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच वाळून वणव्याला सरपण होणार. तेव्हा जळणाऱ्या काजू-आंब्याच्या बागा आपल्याच असतील.